बाहेर जाणारं सगळं बंद

२ फेब्रुवारी

आले एकदाची. जागा झकास आहे. दुसरा मजला, दोन खोल्या, मोरी, रस्त्याकडे भलीमोठी खिडकी, आणि बरोब्बर खाली एका शिलाईवालीचं दुकान. एक खोली माझी. दुसरी यंत्रांची. तिथे लोखंडी मांडणीवर अकरा कॉम्प्युटर आहेत. पडदा एकालाच, बाकीचे नुसते डबे, घूं घूं करत बसलेत. त्यांच्यासाठी हवा थंड ठेवावी लागते, त्यामुळे माझीही चैन.

काम असं, की कुठकुठली माणसं आपापल्या घरी बसून एकमेकांशी खेळ खेळतात, आणि ते खेळ या डब्यांत चालतात. माणसं तिकडे, लढाई इकडे माझ्या खोलीत. मालकाच्या अशा जागा चार गावांत आहेत. तो इथे फिरकत नाही, सगळं फोनवरून. मी त्याचं नाव फोनवाला ठेवलंय. तो मला मावशी म्हणतो. मी त्याला आधीच बजावलं की मी चौथी शिकलेय, नंतर डोक्याला हात लावून बसू नकोस. तो हसला. म्हणाला, राउटरचं पान मी स्वतः मराठीत बनवलंय, गेटवर नोकरी केलेल्या बाईला दोन दिवसांत जमेल.

ही वही त्यानंच दिलीय. राउटरला हात लावला की तारीख घालून लिहायचं, काय बदललं ते. म्हणजे पुढे काही बिघडलं तर कळतं कुठे बिघडलं. बाकीचं काही लिहू नका असं तो म्हणाला नाही. बोलायला इथे कुणी नाही, तेव्हा मी लिहिणार.

४ फेब्रुवारी

आज शिकवणी झाली. राउटर म्हणजे काळी पेटी, वर दोन शिंगं, पुढे हिरवे दिवे. ती या घराचं गेट. तिच्या आत एक पहारेकरी असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. खराखुरा नाही, नुसते नियम. त्याच्या हातात दोन याद्या. एक ‘आत येणारं’, दुसरी ‘बाहेर जाणारं’. तो यादी वरून खाली वाचत जातो आणि जी ओळ पहिली लागू पडेल तेवढीच पाळतो. खालच्या ओळींकडे मग ढुंकून बघत नाही.

प्रत्येक खेळाला स्वतःचं दार, दाराला आकडा. नवा खेळ आला की ‘आत येणारं’मध्ये एक ओळ घालायची: अमुक आकड्यावर कुणी आलं तर अमुक डब्याकडे सोड. सगळ्यात खाली कायमची ओळ, ‘बाकी सगळं बंद’. ती हलवायची नाही.

मी म्हटलं, एवढंच ना. कपड्यांच्या कारखान्याच्या गेटवर बावीस वर्षं काढलीत मी. बायकांची झडती माझ्याकडे होती. तीनशे बायका रोज माझ्या हाताखालून गेल्या, एक बटण बाहेर गेलं नाही.

बदल: दार २७०१५, डबा ५. जतन केलं. चाललं. फोनवाला म्हणाला, शाब्बास मावशी.

७ फेब्रुवारी

शिलाईवाली वर आली भांडायला. मी खिडकीतून फडका पिळला आणि पाणी तिच्या गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर पडलं म्हणे. मी म्हटलं, मग कपडे रस्त्यात कशाला टांगतेस, दुकान आत आहे ना. ती म्हणाली, वर यंत्रं राहायची तेव्हा बरं होतं, यंत्रांना निदान तोंड नव्हतं. मला हसू आलं, मग तिलाही आलं. चहा केला, बसली. विचारलंच तिनं शेवटी, मूलबाळ काय. एक मुलगी आहे म्हटलं. येत नाही का? नाही म्हटलं. का? मी म्हटलं, तुझा चहा निवतोय.

ती गेल्यावर वाटलं, वहीला सांगायला काय हरकत आहे.

पोरीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सासू, जावई, नर्स सगळ्यांसमोर मी म्हणाले, तुझ्याच हलगर्जीपणानं गेलं. जिना चढली होती ती, म्हणून. डॉक्टर सांगत होते की जिन्याचा काही संबंध नाही. पण मी म्हणाले. नंतर ती म्हणाली, “आई, एवढं एक वाक्य परत घे, मग आपण बोलू.” मी घेतलं नाही. दीड वर्ष झालं. आता जावयानं कळवलंय, पुन्हा दिवस गेलेत, नववा लागलाय.

फोनमध्ये तिचा नंबर सगळ्यात वर आहे. रोज बोट तिथवर नेते. मग वाटतं, उद्या.

१० फेब्रुवारी

दुपारी काम उरकलं की पडद्यासमोर बसते. एका खेळात नुसतं गाव बांधायचं असतं. माणसं येतात, विटा रचतात, एकमेकांना नमस्कार करतात, निघून जातात. कोपऱ्यात आकडा दिसतो, आत किती जण आहेत त्याचा. बारा, नऊ, सतरा. मला खेळता येत नाही, पण घरात माणसं असल्यासारखं वाटतं. बरं वाटतं.

फोनवाल्यानं आज चार नवे खेळ पाठवले. चार ओळी, चार आकडे, प्रत्येक आकडा चष्मा पुसून दोनदा वाचायचा. वैताग नुसता.

१२ फेब्रुवारी

आज राउटरला हात लावला. काय केलं ते नीट लिहिते.

सकाळी सहा खेळ आले. म्हटलं, ही काय पद्धत झाली, प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळं दार. गेटवर आमची रीत साधी होती. येणाऱ्याला कोण अडवतं? यायचं त्यानं यावं. जाणाऱ्याला थांबवायचं, त्याची पिशवी बघायची. चोरी जाताना होते, येताना नाही.

बदल: ‘आत येणारं’ यादीत सगळ्यात वर एकच ओळ घातली, ‘सगळ्यांना येऊ दे’. आता आकड्यांची कटकट संपली. आणि घरातलं काही चोरीला जाऊ नये म्हणून ‘बाहेर जाणारं’मध्ये ‘सगळं बंद’ ही ओळ ओढून वर नेली. कुणाला लागू असं विचारलं. डब्यांची नावं एकेक करून अकरा टिचक्या माराव्या लागत होत्या. खाली ‘आतले सगळे’ असं होतं, त्यावर एकच मारली.

जतन केलं. चहा प्यायला बसले. पाच मिनिटांत काम संपलं.

१३ फेब्रुवारी

फोनवाला सकाळीच. तक्रारींचा पाऊस पडलाय म्हणे. खेळणारे आत येतात आणि खांबासारखे उभे राहतात. त्यांचं इथे पोचतं, पण इथलं त्यांना परत काहीच जात नाही. त्यालाही तिकडून पेटी उघडता येईना. म्हणाला, मावशी, तुम्ही कशाला हात नाही ना लावला?

मी म्हटलं, नाही.

का म्हटलं कुणास ठाऊक. तो रागावलासुद्धा नव्हता. म्हणाला, बरं, उद्या सकाळी फोन करतो, दोन्ही याद्या मला वाचून दाखवा.

मनात म्हटलं, त्याच्या आधी गुपचूप होतं तसं करून ठेवावं. पान उघडलं. ‘सगळं बंद’ खाली ओढलं, जतन केलं. पान परत आलं, ओळ वरच. सात वेळा केलं. वरच.

गावाच्या खेळात आत ८८ माणसं आहेत. कुणीच जात नाही. सगळी वेशीकडे तोंड करून उभी.

१४ फेब्रुवारी

फोनवाल्याचा फोन आला. मी उचलला, म्हटलं, हे बघ, मीच हात लावला होता, सांगते काय केलं ते. तो आपला हॅलो, हॅलो, मावशी, आवाज येत नाहीये. मला त्याचं सगळं ऐकू येत होतं. त्याच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं तेसुद्धा. मी ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. तो म्हणाला, लाइन खराब दिसते, आणि ठेवला.

मी लावला तर लागतच नाही. म्हटलं, मेला फोनच बिघडला असेल, खाली शिलाईवालीच्या फोनवरून लावू. चपला घातल्या, दार उघडलं, उंबऱ्याबाहेर पाय टाकला.

समोर माझी खाट.

मी वळले. दार उघडं, पुढे जिना दिसतोय, जिन्यात ऊन पडलंय. पुन्हा पाय टाकला. पुन्हा खाट. चक्कर नाही, धक्का नाही, काही नाही. पाय बाहेर ठेवते आणि तो आतच पडतो, बाहेरून आत आल्यासारखा.

वीस-पंचवीस वेळा केलं असेल. मग चपला काढून ठेवल्या आणि बसले.

१६ फेब्रुवारी

खिडकी सताड उघडी आहे. खिडकीत माश्याच माश्या. बाहेरच्या दिशेनं उडतात आणि आतच असतात. काल एक कबूतर आत आलं. दर थोड्या वेळानं कठड्यावरून झेप घेतं आणि खोलीच्या मधोमध उतरतं. पंख मिटतं, मान वाकडी करून माझ्याकडे बघतं. जसं काही मीच केलंय.

मीच केलंय.

खाली शिलाईवालीचं मशीन चालू आहे. तिला हाका मारल्या. बादलीभर पाणी ओतलं खिडकीतून, म्हटलं, भांडायला तरी मान वर करील. पाणी पडलं माझ्याच पायांवर. खाली एक थेंब नाही. आणि नशीब म्हणायचं ती वर आली नाही. ही अक्कल मला पाणी पुसताना आली.

दुपारी तिनं मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात हलवले. गिऱ्हाइकाला म्हणाली, वरची बाई दिसत नाही हल्ली, तोंडाळ होती पण जाग होती.

१८ फेब्रुवारी

पडद्यावर ६४० माणसं. खेळात बोलायची एक पट्टी असते, तिच्यात ओळी येत राहतात. कुणी आहे का. मला कुणी दिसत नाही. कुणी आहे का. सगळे एकमेकांना खेटून उभे आणि प्रत्येक जण हेच विचारतोय.

मी पट्टीत लिहिलं, आहे. अक्षरं उमटली नाहीत.

१९ फेब्रुवारी

पोरीचा फोन आला. दीड वर्षानं.

म्हणाली, आई, मुलगी झाली. चार दिवसांची आहे. दोघी बऱ्या आहोत. नाक तुझ्यावर गेलंय, बघ बाई आता काय करायचं.

आणि थांबली. मी बोलावं म्हणून.

मी म्हणाले, चुकलं माझं. तुझी काही चूक नव्हती. मीच जीभ सैल सोडली, चुकलं माझं. सगळं म्हणाले. दीड वर्षात जे जमलं नाही ते एका दमात म्हणाले, नाव घेऊन घेऊन, रडत.

ती मग म्हणाली, “अजूनही बोलणार नाहीस, आई?”

मी ओरडतेय, आणि ती माझा श्वाससुद्धा ऐकत नाहीये. पाच मिनिटं वाट बघितली तिनं. मी घड्याळ बघितलं. पूर्ण पाच मिनिटं. मग ठेवला.

२१ फेब्रुवारी

पेटीचा प्लग काढला. हे आधी का सुचलं नाही म्हणत काढला.

सगळं थांबलं. रस्ता थांबला, शिलाईचं मशीन थांबलं. खिडकीत ऊन होतं ते गेलं. काळोख नाही, नुसतं राखाडी, भिंतीला रंग दिल्यासारखं, जवळ जाऊन हात लावला तर काचही नाही, हवाही नाही, काहीच नाही. दार ढकललं तर ते दार नव्हतंच, भिंतीचाच भाग. कबुतरांचं घुमणं बंद. मला माझ्या मनगटाची नाडी ऐकू यायला लागली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. घड्याळही थांबलं होतं.

चाचपडत प्लग परत लावला. ऊन आलं. मशीन आलं. मी खाली बसून त्या मशीनचा आवाज ऐकत रडले.

त्याच वेळी जिन्यात शिलाईवालीची पावलं, खाली उतरणारी. स्वतःशी बोलत होती, चांगला धक्का मारला तरी दार हललं नाही, गेली वाटतं बाई नोकरी सोडून.

म्हणजे पेटी चालू, तर कुणीही आत येऊ शकतं. पेटी बंद, तर कुणीच नाही. आणि मग मला कुणीच नाही. काहीच नाही. शिलाईचं मशीनसुद्धा नाही.

त्या राखाडीत पुन्हा जायचं नाही मला.

२४ फेब्रुवारी

पोरीचा फोन. आवाज हसरा. म्हणाली, बोलू नकोस, हट्टी म्हातारे. मीच येते अठ्ठावीसला. दुपारी. ह्यांना सांगून पत्ता काढलाय. “बाळाला तुझ्या मांडीवर ठेवते, मग बघू किती गप्प बसतेस.”

मी उठून खोली झाडली. अंथरूण बदललं. बाळ ठेवायला खाटेची कोणती बाजू, तेही ठरवलं. अर्धा तास मी इतकी आनंदात होते.

मग कबूतर उडालं आणि खोलीच्या मधोमध उतरलं. आता सहा आहेत. गेलं एकही नाही. पहिलं कोपऱ्यात पडलंय, ते हलत नाही.

२५ फेब्रुवारी

खरं लिहिते. एकदा खोटं बोलून झालंय.

यावी असं वाटतं. आत आली तर आत असेल. आतल्याला आतलं ऐकू येतं, कबुतरं माझ्या आवाजानं दचकतात. म्हणजे तिला माझं ऐकू येईल. मांडीवर बाळ, तिला सांगता येईल, चुकलं माझं. रोज सांगता येईल. तिघी असू.

लिहिलं. आता वाचवत नाही.

चार दिवसांची होती तेव्हा फोन आला. अठ्ठावीसला तेरा दिवसांची.

२६ फेब्रुवारी

पोरीला निरोप लिहिला, येऊ नकोस. फोनवर तसाच पडून आहे, जात नाही. कागदावर लिहून खिडकीतून टाकला. हातातच. दाराला कडी घातली, वाऱ्यानं निघाली. खाट लावली दाराला. सकाळी खाट जागेवर, दार उघडं. आत येणारं काहीच अडत नाही. तसंच लिहिलं होतं मी. सगळ्यांना येऊ दे.

पान उघडून दिवसभर ती ओळ ओढतेय. बोटाचं कातडं गेलं.

२७ फेब्रुवारी

फोनवाल्याचा फोन. सवयीनं उचलला. हॅलो हॅलो केलं, मग म्हणाला, मावशी, काही झालं असलं तरी चालेल हो, नुसतं सांगा.

चांगला माणूस. तेव्हाच सांगितलं असतं तर—

उद्या.

२८ फेब्रुवारी, सकाळ

आंघोळ केली. केस विंचरले. कशाला ते माहीत नाही.

पेटीजवळ बसलेय, वही मांडीवर. प्लग हाताला लागतो.

आताच नाही काढायचा. ती खाली आली की. आवाज तरी—

दुपार

गाडी थांबली. तिचाच आवाज. शिलाईवालीला विचारतेय. शिलाईवाली म्हणते, मध्ये एकदा हललं नव्हतं, एरवी दार उघडंच असतं हो, पण बाई काही दिसत नाही. गेली असेल. पोर म्हणते, नाही गेली, मला माहितेय माझी आई, रुसून बसली असेल.

हसतेय.

कबुतरं सगळी दाराकडे तोंड करून—

जिना. हळू चढतेय. अजून टाके दुखत असतील. थांबली. परत चढतेय. पोरी, जिना कशाला चढ— नाही. नाही. चढ हवी तेवढी. तुझी काही चूक नव्हती.

बाळ रडलं.

बारीक आवाज. ठसक्यातला. ऐकला मी. एवढा पुरे.

पहिला मजला झाला

आई म्हणून हाक मारतेय

बदल: पेटीचा प्लग काढ